चिमटेकाकांची सही

सरका, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट फार लहान वस्तूंची आहे, मिठाच्या खड्याहून बारीक, आणि लांबून ती दिसायची नाही. एका बाईंची सांगेन. त्यांनी उजेडाला काचेच्या धाग्यातून कोसच्या कोस चालायला शिकवलं. आणि त्यांच्या शेजारी चिमटा धरून बसलेल्या एका माणसाची सांगेन. सांगून झालं की तुमच्याकडे एक मागणं मागेन, ते काही जड नाही. देवाने ज्याच्या पदरात जे टाकलं ते त्याचं म्हणून ओळखलं जावं, एवढ्यासाठी तरी माणसाने तोंड उघडावं, नाही का? तर ऐका.

त्या सकाळी बाई कंपनीच्या आठव्या मजल्यावरच्या लांबट खोलीत बसल्या होत्या. बाईंना सगळे बाईच म्हणत. सही घ्यायला येणारा शिपाईही आणि कंपनीचे अध्यक्षही. वय एकसष्ट, नोकरीचे शेवटचे काही महिने, आणि नावावर एकोणीस पेटंटं. हल्ली जगभरची बोलणी ज्यांतून धावतात ते केसाएवढे काचेचे धागे, आणि त्या धाग्यांच्या तोंडाशी बसून सेकंदाला अब्जावधी वेळा लुकलुकणाऱ्या अर्धवाहकाच्या चिपा, यांच्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. एकोणिसांतलं सातवं पेटंट सगळ्यात नावाजलेलं. पेटंटाला आयुष्य असतं वीस वर्षांचं. सातव्याचे आता सात आठवडे उरले होते. आणि नेमका आताच दुसऱ्या एका कंपनीने वाद काढला होता की हा शोध तुम्ही म्हणता त्या तारखेला तुमच्याकडे नव्हताच मुळी. कंपनीचा वकील तिशीतला, हुशार, सर्दीने बेजार झालेला. रुमाल नाकाशी धरूनच तो म्हणाला, "मॅडम, हे पान बघा. आपलं हुकमी पान." आणि भिंतीवर बाईंच्या जुन्या वहीचं एक पान उजळलं, माणसाएवढं मोठं. बाईंचा तोल गेल्यासारखा झाला. जिना संपलेला असताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा, तसं.

त्या वह्यांची एक रीत असते, ती सांगायलाच हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे. प्रयोगशाळेची वही पक्क्या बांधणीची, पानांवर छापील आकडे, लिहायचं शाईने. काही चुकलं तर खरडून काढायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे खोडलेलं खालून वाचता येतं, आणि शेजारी आपली आद्याक्षरं घालायची. लपवलं काही नाही, एवढं दिसायला. दिवस संपला की ते पान दुसऱ्या कुणीतरी वाचायचं आणि तळाशी लिहायचं, 'वाचले, समजले', तारीख, सही. हा दुसरा माणूस कोण असावा? तर ज्याचा त्या शोधात काडीचाही वाटा नाही असा. वाटेकरी स्वतःच साक्षीदार झाला तर साक्षीला काय किंमत. बाईंच्या प्रत्येक पानाखाली एकच सही होती, घड्याळाच्या काट्यांसारखी ताठ, बारीक, नीट. आणि या पानावर दुसऱ्याच ओळीत तीन शब्द खोडलेले होते. 'काकांनी सुचवले की'. वर, रेघेच्या डोक्यावर, लिहिलं होतं: 'असे लक्षात आले की'. घाईत असल्या की बाईंचं अक्षर मुंग्यांची रांग फुटावी तसं होई. ते वाचता येणारी माणसं जगात दोनच, एक त्या स्वतः आणि दुसरा तो खाली सही करणारा. वकिलाची नजर तारखेवर होती, सहीवर होती. मुंग्यांकडे त्याने पाहिलंही नाही.

"हे साक्षीदार हयात आहेत का?" त्याने विचारलं.

"आहेत," बाई म्हणाल्या, इतक्या पटकन की त्यांनाच दचकायला झालं. त्यांना कुठे माहीत होतं? बारा वर्षांत त्या माणसाला त्यांनी पाहिलं नव्हतं. त्याची बायको गेल्याचं कळलं तेव्हा त्या परदेशात परिषदेला होत्या, परतल्यावर जायचं ठरवलं, मग आठवडा गेला, मग महिना, मग इतक्या उशिरा कोणत्या तोंडाने जायचं म्हणून गेल्याच नाहीत. तरी 'आहेत' हा शब्द तोंडातून आला, आपल्या चपला काढून ठेवलेली जागा न बघता सांगावी तसा.

"उत्तम. मग एवढ्यावर त्यांची सही आणा. शुक्रवारपर्यंत." वकिलाने एक कागद पुढे सरकवला. त्यावर तीनच ओळी. मी हे पान त्याच दिवशी वाचले. मला ते समजले. या शोधात माझा कोणताही वाटा नाही.

लिफ्टमध्ये बाई एकट्याच होत्या. आरशातल्या बाईने हातात कागद धरला होता, आणि तिचा चेहरा त्यांना शाळेत दुसरीची पाटी उचलून आणलेल्या मुलीसारखा दिसला. गंमत बघा, त्या विसरल्या होत्या. खरोखर विसरल्या होत्या. गेली वीस वर्षं त्या शोधाची हकिगत त्यांनी किती व्यासपीठांवर सांगितली होती! एक दुपार, दिव्याखाली काच, डोळ्यात आलेली तिरीप, आणि मनात चमकलेली गोष्ट. सांगून सांगून ती हकिगत नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती, हातात छान बसायची. तिच्यात माणूस एकच होता. दुसरा कधी निघून गेला ते त्यांना कळलंच नव्हतं. आणि आज तो भिंतीवर उभा राहिला, एका रेघेच्या आड, त्यांच्याच अक्षरात.

चिमटेकाका. हे नाव त्यांना प्रयोगशाळेनेच दिलं. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी पोलादी चिमटा, चहात केस सापडला तर तो त्याच चिमट्याने अलगद उचलायचे आणि म्हणायचे, "घ्या, तुमचा माल सुरक्षित." त्यापूर्वी बावीस वर्षं ते घड्याळं दुरुस्त करत. मग सेलवर चालणारी, बिघडली की फेकून द्यायची घड्याळं आली, आणि दुकानात माश्या उरल्या. पन्नाशीत ते प्रयोगशाळेच्या दारात आले. त्या वेळचे प्रमुख, करड्या स्वभावाचा माणूस, त्यांनी विचारलं, शिक्षण किती? काका म्हणाले, "ते राहू द्या साहेब, तुमचं घड्याळ रोज चार मिनिटं मागे पडतंय, ते बघू आधी." खरंच पडत होतं. दुसऱ्या दिवसापासून काका बाईंच्या शेजारच्या टेबलावर. काम असं की सूक्ष्मदर्शकात डोळा घालायचा, मिठाच्या खड्याहून लहान चिप चिमट्याने उचलायची, धातूच्या इवल्या डबीत तिच्या जागी बसवायची, आणि केसाहून बारीक सोन्याची तार तिला जोडायची. श्वास जोरात सोडला तर चिप उडून जायची, मग तासभर गुडघ्यांवर बसून शोधायची. काका तिच्याशी बोलत. "बस गं बाळा. हलू नकोस. झालं, झालं, एवढंच." बाईंना सुरुवातीला हसू यायचं, सहा महिन्यांनी त्या स्वतःही आकडेमोडीशी तसंच बोलू लागल्या. त्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की ढग ते काकांच्या मानेवरून कळायचं, जेवून आले की ती कधी उन्हाने लालसर असे, कधी नसे. माणसाच्या शेजारी अकरा वर्षं बसलं की असलं काहीतरी लक्षात राहतं, आणि जे राहायला हवं ते जातं.

बसस्टॉपवर बाई उभ्या होत्या आणि त्यांच्या समोरून त्यांची बस निघून गेली. त्या शोधाआधीचे सात महिने त्यांना आठवत होते. चिपेतून निघालेला उजेड समोरच्या काचेच्या धाग्यात शिरायचा. पण धाग्याच्या तोंडावर आपटून त्यातला थोडासा परत यायचा, सरळ चिपेच्या पोटात. आणि आपलाच उजेड परत आला की चिप बिथरायची. आपण बोलत असताना आपलाच आवाज घुमून कानावर आला की आपण अडखळतो ना, तसं. बाईंनी काय काय केलं! लेप दिले, अंतर बदललं, चिप बदलली. धाग्याचं तोंड तिरपं घासायचाही विचार केला होता, जगात कुणी केलाच नव्हता असं नाही. पण तिरप्या तोंडात उजेड नीट शिरत नाही, अर्धा वाया जातो, म्हणून त्या डबीपुरता तो रस्ता त्यांनी बंद करून टाकला होता. प्रमुख रोज दारात येऊन फक्त भुवया उंचावत. पुढच्या महिन्यात काम दुसऱ्याकडे जाणार होतं. आणि एका दुपारी काका सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढताच म्हणाले, "बाई, एक विचारू? हसाल."

"विचारा."

"घड्याळाची काच दिव्यासमोर सरळ धरली की दिवा आपल्याच डोळ्यात येतो. आम्ही ती तिरपी धरतो."

"ते झालंय काका. तिरपं केलं की उजेड आत जात नाही."

"हो, पण काच तिरपी केली की आम्ही मान तशीच ठेवत नाही ना. मानही वळवतो. तुम्ही काच तिरपी करता आणि या बाळाला मात्र नाकासमोर बसवता. हिलाही बसवा की जरा वाकडं, बाजूला सरकवून. मी काल करून बघितलं एक. रागावू नका. वाया गेलेल्या नगावर केलं."

बाईंनी तो नग यंत्राला जोडला. पडद्यावरची रेघ, सात महिने थरथरणारी ती रेघ, शांत पडलेल्या पाण्यासारखी सरळ झाली. त्यांनी यंत्र एकदा बंद करून पुन्हा चालू केलं. रेघ सरळच. मग काका म्हणाले, "घाबरली वाटतं," आणि दोघंही हसत सुटले, बाईंना तर ठसका लागला, काकांनी पाठीवर थापटलं आणि मग एकदम हात मागे घेतला, बाईंच्या पाठीवर हात कसा ठेवला म्हणून. पुढचे तीन आठवडे बाईंनी गणित केलं. किती अंश, किती सरकवायचं, कोणत्या चिपेला किती, गरम झाल्यावर काय. ते गणित त्यांचं होतं, त्याच्यावाचून तो एक नशिबाने जमलेला नग राहिला असता. एवढं स्वतःच्या बाजूने म्हणायला त्यांना हक्क होता. पण गणिताला दार लागतं, आणि दार उघडलं होतं दुसऱ्याने.

मग त्या संध्याकाळी पेन का थांबलं? बाई दुसऱ्या बसमध्ये खिडकीशी बसून स्वतःला हेच विचारत होत्या, पुन्हा पुन्हा, जीभ दुखऱ्या दाताकडे जावी तशी. त्यांनी आधी खरं लिहिलं होतं. हात आपोआप खरं लिहून गेला होता. मग त्यांना प्रमुखांच्या भुवया दिसल्या. त्या मजल्यावर त्या एकट्याच बाई. त्यांनी काही बरं केलं की कुणीतरी हळूच विचारायचंच, मदत कुणाची झाली? आणि आता त्यांनी उत्तर द्यायचं, घड्याळजीची? लोक काकांनाही हसले असते आणि त्यांनाही. आपण काकांना लोकांच्या हसण्यापासून वाचवतोय असंही त्यांनी त्या क्षणी स्वतःला सांगितलं असावं. माणूस स्वतःशी किती गोड बोलतो, ते एका अंतर्यामीलाच ठाऊक. रेघ मारली. आद्याक्षरं घातली. रीत मोडली नाही. आणि मग, हे आठवून बाईंनी बसमध्ये डोळे मिटून घेतले, मग त्यांनी ती वही रोजच्यासारखी उचलली आणि शेजारच्या टेबलावर नेऊन ठेवली. काकांनी चष्मा लावला. वाचलं. आणि सही केली.

घरी नवऱ्याने दार उघडलं. तो शाळेत भूगोल शिकवायचा, आता निवृत्त. घरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं तोच लावायचा आणि इतकी घट्ट की त्याच्याशिवाय उघडू नयेत. "एकोणीस पेटंटं आणि डाळीची बरणी उघडता येत नाही," हा त्याचा आवडता टोमणा. आज तो टोमणा मारायला गेला आणि बाईंचा चेहरा बघून थांबला. बाईंनी सगळं सांगितलं. तो ऐकत बसला, वर्गात मागच्या बाकावरचं मूल पहिल्यांदाच बोलतंय असा.

"आता तुझी भीती काय आहे? ते सही करणार नाहीत ही?"

"अहो, ते करतील. हसत करतील. तीच भीती आहे."

उठून त्याने चहा टाकला. बाईंनी वकिलाला फोन लावला. एखादं नाव शोधकांत घालायचं राहून गेलं असेल तर काय होतं, असं त्यांनी विचारलं, समजा म्हणून विचारलं. पलीकडे शिंक आली, मग दार लावून घेतल्याचा आवाज. वकील हुशार होता हे मी सांगितलंच. "मॅडम," तो सावकाश म्हणाला, "चुकून राहिलं असेल तर घालता येतं. अजून येतं. पेटंट जिवंत आहे तोवर. तुम्ही लिहून द्यायचं, की मी विसरले. मग ते साक्षीदार न राहता शोधक होतील, आपली बाजू जरा लंगडी पडेल, पण उभी राहील. मात्र जाणूनबुजून वगळलं असेल, तर सगळंच कोसळेल. पेटंट, दावा, सगळं. कंपनी तुमच्यासमोर हात जोडेल आणि दार दाखवेल. तुम्हाला आता कुठे आठवतंय ते, वीस वर्षांपूर्वीचं? नाही ना? मग विसरलातच की." त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. तो आपल्या परीने हात देत होता, आणि बाईंना ते कळत होतं. एक शब्द. 'विसरले'. तो लिहिला की काकांचं नाव पेटंटावर चढेल, त्यांच्या शेजारी, सरकारी शिक्क्याखाली, कायमचं. आणि तो शब्द अर्धा खराही होता. आज सकाळपर्यंत त्या विसरलेल्याच होत्या. खोटा होता तो फक्त त्या एका संध्याकाळपुरता, पेन थांबलं तेवढ्या दोन श्वासांपुरता. देवा, बाईंना वाटलं, दोन श्वासांचा हिशेब कोण मागतं? आणि खरं सांगितलं तर? तर त्यांचं जाईल ते जाईलच, पण काकांनाही काहीच मिळणार नाही. ज्याचं घेतलं त्याला परत द्यायचा रस्ता खोट्यातून जात होता, आणि खरं बोलायचं तर त्याचे हात रिकामेच राहणार. हे असं कसं? बाई रिकाम्या कपात बघत राहिल्या. नवरा म्हणाला, "हे तू एकटी का ठरवतेस? मागच्या वेळीही तू एकटीनेच ठरवलं होतंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई काकांच्या मुलीच्या घरी गेल्या. पत्ता जुन्या कार्यालयातून मिळाला. तिसरा मजला, दारात चार लहान-मोठे बूट. मुलीने दार उघडलं आणि आत हाक मारली, "बाबा, कोण आलंय बघा." खिडकीशी टेबल, टेबलाशी काका. देवाच्या कृपेने होते. खूप बारीक झाले होते, आणि दोन्ही हात टेबलावर ठेवलेले, पण ते स्वस्थ नव्हते. बंद न होणाऱ्या यंत्रासारखे बारीक थरथरत होते. ते हात! बाईंना आधी तेच दिसले.

"बाई," काका म्हणाले, जणू बाई जेवणाच्या सुट्टीनंतर दहा मिनिटं उशिरा आल्या होत्या. "जाड झालात की हो."

"तुम्ही बारीक झालात काका."

"मग जमलं. दोघांचं मिळून वजन तेवढंच राहिलं."

मुलीने चहा आणला, वडिलांचा कप अर्धाच भरून. बाईंनी आधी काकूंचं बोलायला सुरुवात केली, आपण आलो नाही ते, आणि त्यांना ते वाक्य पुरं करता येईना. काकांनी मान हलवली. "आलात ना. ती असती तर म्हणाली असती, एवढ्या उशिरा आलात तर आता जेवूनच जा." मग बाईंनी कागद काढला. काकांनी लगेच हात पुढे केला. "आणा. कुठे करू?"

"आधी वाचा."

"वाचतो की. न वाचता मी कधी सही केलीय?" त्यांनी कागद खिडकीकडे धरला. कागद हातात फडफडत होता, म्हणून बाईंनी त्याची दुसरी बाजू धरली. आणि दोघांनी मिळून धरलेला तो कागद काकांनी ओठ हलवत वाचला. तिसऱ्या ओळीशी ते थांबले. पुन्हा वाचली. "हे खोटं आहे की हो," ते म्हणाले, अगदी सहज, चहात साखर कमी आहे म्हणावं तसं.

"हो."

"मग? करू?"

त्या 'करू?' ने बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सगळं सांगितलं. भिंतीवरचं पान, तीन शब्द, रेघ, प्रमुखांच्या भुवया. व्यासपीठांवरच्या हकिगती. काहीच सोडलं नाही. "तुम्ही तेव्हा वाचलं होतं का काका? रेघेखालचं?"

"तुमचं अक्षर मलाच तर लागायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, बाईंना काही कारण असेल. दोन दिवस वाट बघितली. मग आठवडाभर. मग पेपरात तुमचा फोटो आला. हिच्या आईला म्हटलं, कापून ठेव तो. ती म्हणाली, तुम्ही कुठे आहात यात? म्हटलं, कॅमेऱ्यात मावलो नाही."

"रागावला नाहीत?"

"रागावलो ना! चांगला तीन महिने. तुम्हाला कळलं नाही, कारण मी रागावलो की काम जास्त नीट करतो. त्या तीन महिन्यांतला एक नग परत आला नाही, बघा तुमच्या नोंदी." ते हसले, मग हसू विरलं. "पण एक सांगू? सही करताना वाईट वाटलं नव्हतं. ते 'समजले' लिहायचं असायचं ना. जन्मभरात मला कुणी विचारलं नव्हतं, समजलं का म्हणून. तुम्ही रोज विचारायचात. आणि मला समजायचं. त्या दिवशीही समजलं, तेवढंच जरा जास्त."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाईंनी मग वकिलाचा तोडगा सांगितला. 'विसरले' असं लिहिलं की नाव चढतं. खरं लिहिलं की दोघांच्याही हातात काही राहत नाही. "तुम्ही सांगाल ते मी लिहीन काका. यावेळी तुम्ही सांगायचं."

काका खिडकीबाहेर बघू लागले. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं. "नाव कुठे असतं?" त्यांनी विचारलं. "पहिल्याच पानावर?"

"पहिल्या पानावर. माझ्या शेजारी."

"तेवढ्याच अक्षरात?"

"तेवढ्याच."

"छान दिसलं असतं," ते म्हणाले. आणि बाईंना दिसलं की त्यांना ते हवं होतं. वीस वर्षं हवं होतं, आणि हवं असलेलं त्यांनी तसंच नीट मिटून ठेवलं होतं. मुलगी पुढे आली, "बाबा, घ्या ना, तुमचंच आहे." काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे, मग बाईंकडे.

"तुम्ही हाव सुटली असं लिहा, बाई. घाबरले असं लिहा. लाज वाटली लिहा. सगळं चालेल मला, माणसाला होतं तसं. पण विसरले असं नका लिहू. शेजारी अकरा वर्षं बसलो होतो तुमच्या. तेव्हा मी विसरण्यासारखा नव्हतो."

मुलीने तोंडावर पदर धरला की हसू दाबलं ते बाईंना दिसलं नाही, कारण त्यांना त्या वेळी नीट दिसतच नव्हतं. त्यांनी पेन काढलं आणि त्याच टेबलावर कागद लिहायला घेतला. त्या मंगळवारची कल्पना यांची होती, मला ते ठाऊक होते, मी त्यांचे नाव लिहून खोडले, कारण मला लाज वाटली, त्यांची नव्हे, माझ्याकडे बघणाऱ्यांची. लिहिलेलं त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि एकच दुरुस्ती सांगितली: "मंगळवार नव्हे, बुधवार. मंगळवारी यंत्र बंद होतं."

पुढे व्हायचं ते झालं. वकिलाने कागद दोनदा वाचला, रुमाल खिशात ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, एकच शब्द लिहायचा होता हो." बाई म्हणाल्या, "तेवढाच नको होता त्यांना." कंपनीने वाद मिटवला, सातवं पेटंट मुदतीच्या आधीच सोडून दिलं, आणि बाईंच्या निरोपाच्या कार्यक्रमात अठरा पेटंटांचा उल्लेख झाला, जरा घाईघाईने. ज्यांनी पूर्वी पुढे येऊन हात मिळवले असते त्यांच्यातले काही जण त्या दिवशी लवकर निघून गेले. बाईंना ते लागलं. लागलं नाही असं सांगितलं तर मी खोटं सांगेन. पण त्या शांत झोपू लागल्या, आणि दर बुधवारी तिसरा मजला चढू लागल्या. काका आणखी दीड वर्ष होते. त्यांना दिसेनासं झालं तेव्हा बाई त्यांना पेपर वाचून दाखवायच्या, आणि एखादी बातमी संपली की विचारायच्या. काका म्हणायचे, "समजलं, समजलं. पुढे चला."

तर माझं मागणं एवढंच. त्या माणसाचं नाव कोणत्याही पेटंटावर नाही, कोणत्याही पाटीवर नाही, आणि आता चढायचंही नाही. तुम्ही घरी जाल, दूर गेलेल्या लेकीला फोन लावाल, आणि शेजारच्या खोलीतून यावा तसा तिचा आवाज येईल, 'जेवलीस का गं?' असं तुम्ही विचाराल, ती 'हो' म्हणेल. त्या प्रश्नाच्या आणि उत्तराच्या मधे क्षणभर थांबा आणि त्या घड्याळजीला आठवा. तो विसरण्यासारखा नव्हता.